नंदादीपाचे तूप
(देवस्थानाच्या वार्षिक उत्सवात महाजनांच्या सभेपुढे केलेले भाषण)



 मी पंडित नव्हे, कीर्तनकारही नव्हे. सारा जन्म कचेरीत कारकुनी करण्यात गेला. टिपणे लिहावीत, आवक-जावक नोंदवावी, हुकुमाची नक्कल काढून ती योग्य त्या टेबलावर पोचवावी, एवढेच माझे शास्त्र. आपल्यापैकी काही मंडळी उज्जयिनीची यात्रा करून नुकतीच परतली. त्या मेळ्यात मीही होतो. 'तुम्ही पाहिलेत ते सांगा' अशी आज्ञा झाली म्हणून उभा राहिलो आहे. मात्र निव्वळ प्रवासवर्णन सांगण्याचा माझा मानस नाही. आपल्या देवस्थानाच्या वार्षिक अहवालात जी तीन वाक्ये दरवर्षी न चुकता येतात, त्यांचाच अर्थ मला उज्जयिनीत थोडाफार उलगडला. ती वाक्ये आपणांस पाठ आहेत: निधी अपुरा पडला, सामग्री वेळेवर मिळाली नाही, आणि सेवेस माणसे मिळत नाहीत. द्रव्य, पुरवठा आणि मनुष्यबळ या त्रिविध टंचाईविषयीच मी आज बोलणार आहे.

उज्जयिनीत सांदीपनींचा आश्रम दाखवतात. श्रीकृष्ण, बलराम आणि सुदामा यांचे विद्याध्ययन तेथे झाले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. गुरुपत्नीने सरपण आणावयास पाठविले असता कृष्ण-सुदामा अरण्यात गेले, अवेळी पाऊस कोसळला, आणि रात्रभर ते दोघे भिजत राहिले, हा भागवतातील प्रसंग कीर्तनकार मोठ्या रसाने रंगवितात. परंतु मजसारख्या कारकुनाच्या मनात तेथे उभे असता वेगळाच विचार आला. आश्रमाकडे धन नव्हते, कोठार नव्हते, नोकरचाकरही नव्हते. तरी चूल पेटत होती. कारण सरपण कोणी आणावयाचे हे ठरलेले होते. राजपुत्र असो वा दरिद्री ब्राह्मणाचा मुलगा असो, पाळी आली की अरण्यात जावे लागे. वस्तू कमी असणे वेगळे आणि व्यवस्था नसणे वेगळे. आश्रमात पहिली गोष्ट होती, दुसरी नव्हती.

आता महाकाळेश्वराकडे वळू. इ.स. १२३४-३५ च्या सुमारास दिल्लीचा सुलतान अल्तमश याने उज्जयिनीवर स्वारी करून महाकाळाचे मंदिर उद्ध्वस्त केले. त्यानंतर मंदिराला आजचे रूप येण्यास सुमारे पाच शतके लोटली. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात माळव्यात मराठ्यांचा अंमल बसला आणि राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्र मल्हार सुखटणकर, ज्यांना इतिहास रामचंद्रबाबा शेणवी या नावाने ओळखतो, त्यांनी हे काम हाती घेतले. ते निपुत्रिक होते, आणि आपले द्रव्य देवकार्यी लागावे अशी त्यांची इच्छा होती, असे परंपरेने सांगतात. त्यांचे आराध्यदैवत मात्र माळव्यात नव्हते. ते येथे, आपल्या गोमंतकात, फोंडा महालात होते. श्रीमंगेशाचे ते निस्सीम भक्त. आज बारा ज्योतिर्लिंगांपैकी एकाच्या दारात उभे राहून यात्रेकरू जे मंदिर पाहतो, त्याच्या उभारणीमागे गोमंतकातील एका कुलदैवताचा उपासक आहे, ही गोष्ट आपल्यापैकी किती जणांस ठाऊक असेल?

परंतु रामचंद्रबाबांचे मला अधिक मोठे वाटणारे काम ते नव्हे. १५६० साली कुशस्थळी सोडून प्रियोळास आलेल्या श्रीमंगेशासाठी त्यांनी पेशव्यांकडे शब्द टाकला आणि १७३९ साली मंगेशी हे गाव पेशव्यांनी देवस्थानास दिले. शिखर चढविणे, सोन्याचा कळस बसविणे ही कामे डोळ्यांना दिसतात. गावाचे उत्पन्न लावून देणे डोळ्यांना दिसत नाही. तथापि पूजा, नैवेद्य आणि दिवाबत्ती शिखरावर चालत नाही, उत्पन्नावर चालते. दौलतीचा हिशेब राखलेल्या या दिवाणास ते नेमके कळले होते.

महाकाळाच्या संदर्भात आणखी एक कागद इतिहासाच्या अभ्यासकांनी प्रसिद्ध केलेला आहे. त्याविषयी वाचले तेव्हा मला, खरे सांगतो, आपल्या व्यवसायाचा अभिमान वाटला. बादशहा शहाजहान याचा पुत्र शहाजादा मुरादबक्ष याच्या नावाची ती सनद आहे. हिजरी सन १०६१, म्हणजे इ.स. १६५१ च्या सुमाराची. महाकाळापुढील नंदादीपासाठी चबुतरा कोतवालीच्या तहसीलदाराने दररोज अकबरी मापाचे चार शेर तूप द्यावे, असा तिचा आशय आहे. भव्य मंदिर त्या काळी नव्हते. राज्य परधर्मीयांचे होते. तरी दिवा होता, आणि त्या दिव्याचे तूप कोठून यावयाचे हे कागदावर लिहिलेले होते.

हा हुकूम कारकुनाच्या दृष्टीने वाचून पाहा. त्यात चार प्रश्नांची उत्तरे आहेत. किती? चार शेर. कोणी? अमुक कचेरीच्या तहसीलदाराने. कोठून? सरकारी जमेतून. कोठवर? दररोज, म्हणजे खंड न पडता. माझ्या नोकरीत असंख्य हुकूम माझ्या हातून गेले. या चारांपैकी एकाचेही उत्तर ज्या हुकुमात नव्हते, तो कागदावरच राहिला. एक उदाहरण सांगतो. एका कचेरीत पाणी चढविण्याचा पंप मंजूर झाला. पंप आला, बसला, त्याला हारही घातला गेला. पंप चालविणारा माणूस मात्र मंजूर झाला नव्हता. ती जागा भरण्याचे टिपण मी स्वतः तीनदा लिहिले. माणूस येईपर्यंत पंपाला गंज चढला आणि मग दुरुस्तीसाठी निधी नाही, असा शेरा आला. पैसा, पुरवठा, माणूस या तिन्ही टंचाया मला त्या एका फायलीत भेटल्या, आणि तिन्हींचे मूळ एकच होते. पहिल्या हुकुमात पुढचा विचार नव्हता.

उज्जयिनीची क्षिप्रा पाहून हाच विचार अधिक दृढ झाला. कालिदासाने मेघदूतात जिच्यावरून येणाऱ्या पहाटवाऱ्याचे कौतुक केले, ती क्षिप्रा आज पावसाळ्यानंतर स्वतःच्या बळावर वाहत नाही. माळव्याच्या काळ्या भूमीत पाण्याला तोटा नव्हता. तथापि गेल्या अर्धशतकात विंधनविहिरी झाल्या, झाडी तुटली, भूगर्भातील पाणी खाली खाली गेले. उज्जयिनीच्या शेजारच्या देवास शहराला १९९० साली आगगाडीने पाणी पुरवावे लागले होते. उज्जयिनी शहरासाठी गंभीर नदीवर धरण आहे. त्याची साठवण सुमारे २२५ कोटी घनफूट. तरीही कित्येक उन्हाळ्यांत शहराला एक दिवसाआड पाणी घ्यावे लागले आहे. कान्ह नदीतून इंदूरचे सांडपाणी क्षिप्रेत मिसळते, ते दुःख वेगळेच.

मग उपाय योजला गेला. नोव्हेंबर २०१२ मध्ये नर्मदा-क्षिप्रा सिंहस्थ जोडयोजनेचा पाया घातला गेला आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये ती पूर्ण झाली. खर्च सुमारे ४३२ कोटी रुपये. नर्मदेचे पाणी सुमारे साडेतीनशे मीटर उंच चढवून, इंदूर जिल्ह्यातील उज्जैनी गावाजवळ क्षिप्रेच्या उगमापाशी सोडावयाचे. सेकंदाला पाच घनमीटर पाणी देण्याची योजनेची क्षमता. अवघ्या सव्वा वर्षात एवढे काम उरकले, ही सामान्य गोष्ट नव्हे. २०१६ च्या सिंहस्थात लाखो भाविकांनी जे स्नान केले, ते या नर्मदाजलात.

आणि आता पुढचे ऐका. ५ जानेवारी २०१९ रोजी शनैश्चरी अमावास्या होती. त्रिवेणी घाटावर हजारो भाविक स्नानास आले आणि पाहतात तो नदीत पाणीच नाही! लोकांना चिखलात उभे राहून पर्वणी साधावी लागली. चौकशी झाली, जिल्हाधिकारी आणि आयुक्त या दोघांनाही पदावरून हलविण्यात आले. महाजनहो, विचार करा. पैसा खर्च झालेला होता. नळ घातलेले होते. नर्मदेत पाणी होते. पंचांगात अमावास्येची तिथी वर्षभर आधी छापलेली होती. उणीव होती ती, अमुक तिथीच्या अमुक दिवस आधी अमुकाने पाणी सोडावे आणि ते घाटावर पोचले की नाही हे पाहावे, एवढ्या एका पक्क्या व्यवस्थेची. वाहती नदी पंचांग पाहत नसे. नळातून येणाऱ्या नदीला मात्र पंचांग पाहणारा माणूस लागतो, आणि दर महिन्याला विजेचे देयकही भरावे लागते. ते एकदाच्या ४३२ कोटींत भागत नाही.

याउलट त्याच देवास जिल्ह्यात जे घडले ते सांगण्यासारखे आहे. २००६ पासून, उमाकांत उमराव हे तेथे जिल्हाधिकारी असताना, शेतकऱ्यांनी आपल्याच जमिनीचा लहानसा हिस्सा सोडून त्यात तळी खोदण्यास आरंभ केला. सरकारी निधीची वाट न पाहता बहुतेकांनी स्वतःच्या खर्चाने, प्रसंगी कर्ज काढून हे काम केले. हजारो तळी झाली. ज्या जिल्ह्याने आगगाडीचे पाणी प्यायले, त्या जिल्ह्यातील शेते रब्बीच्या हंगामातही हिरवी दिसू लागली. तळे ज्याचे, गाळ उपसण्याची जबाबदारीही त्याचीच. म्हणून 'कोणी' आणि 'कोठवर' हे दोन प्रश्न तेथे शिल्लकच राहिले नाहीत.

तिसरी टंचाई माणसांची. उज्जयिनी एके काळी कापडगिरण्यांचे शहर होते. विनोद मिल, हिरा मिल ही नावे तेथील वृद्ध अद्याप घेतात. भोंगे बंद पडले, कामगार देशोधडीला लागले, आणि देणी वर्षानुवर्षे न्यायालयांत अडकून राहिली. शेजारच्या इंदूरची हुकुमचंद मिल १९९२ साली बंद झाली. तिच्या सुमारे ४८०० कामगारांच्या २२४ कोटी रुपयांच्या देण्याचा प्रश्न मार्गी लागावयास २५ डिसेंबर २०२३ हा दिवस उजाडावा लागला. एकतीस वर्षे! तोवर कित्येक कामगार हे जग सोडून गेले होते. 'माणसे मिळत नाहीत' असे आपण सहज म्हणतो. परंतु ज्याच्या घामाचे मोल एकतीस वर्षांनी मिळते, त्याचा मुलगा त्या धंद्यात का यावा? उज्जयिनीजवळच्या भैरवगडची बाटिकची छपाई नामांकित आहे. २०२३ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. मानांकनाचा कागद मोलाचाच, पण मेण तापविणारा आणि रंगात हात बुडविणारा तरुण त्या कागदाने तयार होत नाही. त्याला पोटभर वेतन आणि समाजात मान, दोन्ही लागतात.

महाकाळाच्या परिसरातच या गोष्टीचा एक पडताळा आला. ११ ऑक्टोबर २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते 'महाकाल लोक' या नव्या प्रांगणाचे लोकार्पण झाले. नऊशे मीटरांहून लांब असा तो मार्ग खरोखरच नेत्रदीपक आहे. १०८ स्तंभ, शिवकथांची शिल्पे, रात्रीची रोषणाई पाहून आमच्या मेळ्यातील मंडळी थक्क झाली. परंतु २८ मे २०२३ रोजी सुटलेल्या वादळी वाऱ्यात तेथील सप्तर्षींच्या सातांपैकी सहा मूर्ती कोसळल्या. त्या पाषाणाच्या नव्हत्या, काचतंतू आणि प्लॅस्टिक यांच्या मिश्रणाच्या होत्या. पाषाण घडवावयास वेळ लागतो आणि हात लागतात. हात एका पिढीत तयार होत नाहीत. द्रव्य आज आहे, परंतु रामचंद्रबाबांच्या काळी जे पाथरवट होते, ते आज कोणत्या गावी शोधावयाचे? द्रव्याची उणीव एका वर्षात भरून निघते. पाण्याची भरावयास दहा वर्षे लागतात. तुटलेल्या हस्तपरंपरेची उणीव भरून निघेलच असे सांगता येत नाही.

आता मी आपल्या घरी येतो. आपल्या गोमंतकातील देवस्थानांचा कारभार १८८६ आणि १९३३ च्या नियमावल्यांनी बांधून दिलेला आहे. महाकाळाच्या मंदिरासाठीही १९८२ चा स्वतंत्र कायदा आहे. नियमांची उणीव कोठेच नाही. आपले पूर्वज सोळाव्या शतकात देव घेऊन नदीपार आले, तेव्हा त्यांच्यापाशी काय होते? तरी त्यांनी शेते, भाटे, कुळागरे देवाला लावून दिली. दिवा कोणी लावावा, वाद्ये कोणी वाजवावीत, पालखी कोणी वाहावी हे ठरवून दिले. १९६४ चा कूळकायदा आणि १९७६ ची त्यातील दुरुस्ती यांनंतर शेतांचा खंड पूर्वीसारखा राहिला नाही. कसणाऱ्याला जमीन मिळाली हे न्यायाचेच झाले, त्याबद्दल खंत करण्याचे कारण नाही. जुन्या सेवाव्यवस्थेतही पिढीजात बंधनाचा जाच होता. तो सुटला हेही योग्यच झाले. मात्र जुनी तरतूद गेल्यावर नवी कोणती केली, हा प्रश्न आपण स्वतःस विचारला पाहिजे.

वस्तुस्थिती काय आहे? नारळ झाडावर आहेत, पण पाडेली मिळत नाही म्हणून ते पडून फुटतात आणि नैवेद्याचा नारळ बाजारातून येतो. नंदादीपाचे तेल त्या त्या महिन्याच्या दानपेटीवर अवलंबून असते. चौघडा विजेच्या यंत्रावर वाजतो. कळ दाबली की नगारा सुरू, वीज गेली की देव मुका. अग्रशाळेत आता फरशी आहे, पण झाडणारा नाही. आणि अशा स्थितीत आज आपल्यापुढे ठराव आहे तो प्रवेशद्वारी नवी कमान उभारण्याचा.

कमानीला माझा विरोध नाही. दात्यांनी सद्भावनेने आकडे घातले आहेत आणि देवाचे द्वार सुशोभित व्हावे ही इच्छा पवित्रच आहे. माझी विनंती एवढीच की ठरावाला एक पोटकलम जोडावे. जमणाऱ्या प्रत्येक रुपयातील चार आणे कायम ठेवीत घालावेत. त्या ठेवीचे व्याज तीन गोष्टींखेरीज अन्यत्र खर्चू नये: नंदादीपाचे तेल, पुजाऱ्याचे वेळच्या वेळी वेतन, आणि सनई-चौघडा शिकू इच्छिणाऱ्या दोन मुलांचे विद्यावेतन. ती मुले कोणत्याही जातीची असोत. आणि येथून पुढे कोणताही ठराव मांडताना त्याखाली चार उत्तरे लिहिल्यावाचून तो मतास टाकू नये: किती, कोणी, कोठून आणि कोठवर.

कोणी म्हणेल, कमान मग लहान होईल. होऊ द्या. महाकाळाच्या गाभाऱ्यातही मर्यादा घालावी लागली आहे. शिवलिंगाची झीज होऊ नये म्हणून २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने, प्रत्येक भाविकाने अभिषेकास अर्ध्या लिटरहून अधिक पाणी वापरू नये, तेही शुद्ध केलेले, असा निर्देश दिला. त्यामुळे कोणाची भक्ती उणावली नाही. ज्याच्या एका घागरीचे अर्धा लिटर झाले, त्याने ते अर्धा लिटर अधिक जपून वाहिले.

२०२८ चे सिंहस्थ पुढे आहे. उज्जयिनीत घाट वाढत आहेत, कान्हचे पाणी वेगळ्या मार्गाने वळविण्याचे काम चालू आहे. क्षिप्रेला तिचे पाणी मिळो, अशी आपण येथून प्रार्थना करू. माळव्याच्या त्या देवाशी आपले नाते पावणेतीनशे वर्षांहून जुने आहे. पहाटे भस्मारतीनंतर आम्ही बाहेर पडलो, तेव्हा एका सहयात्री भगिनीने मला विचारले, 'भाऊ, हे भस्म रोज येते तरी कोठून?' चौकशी केली तेव्हा कळले की भस्म पुरविण्याची सेवा महानिर्वाणी आखाड्याकडे आहे. रोज, नेमाने, ठरलेल्या हातांनी ते येते. जगाच्या लयाची खूण म्हणून जे देवाच्या अंगी लावावयाचे, त्याचीसुद्धा तेथे नेमणूक झालेली आहे. मग आपल्या देवापुढच्या तेलाची आपण करू नये काय?

विचार करावा आणि जे योग्य दिसेल ते ठरवावे. कारकुनाने टिपण लिहावयाचे, निर्णय सभेचा.